धंतोलीतला आमचा प्लॉट आणि त्यावरचे नकाशे

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या जागी काय उभं राहणार, याचा पहिला नकाशा 2012 साली निघाला. महापालिकेने मंजूर केलेला, आणि ज्याप्रमाणे सध्या पायाचं काम चालू आहे, तो नकाशा 2024 चा. मधल्या काळात या एकाच प्लॉटवर कागदावर पाच मजली इमारत झाली, अठरा मजली टॉवर झाला, खाली दुकानं आणि वर फ्लॅट असं संकुल झालं, बेसमेंट आलं आणि गेलं. जमिनीवर मात्र 1983 ची तीन मजली इमारतच होती. या काळात बहुतेक वर्षं मी आमच्या कंडोमिनियमची, म्हणजे इमारतीतल्या फ्लॅटमालकांच्या संघटनेची, सचिव होते. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बांधकामातलं काही कळत नसलं तरी आकडे तपासायची सवय होती. ती फार उपयोगी पडली.

हे लिहायचं कारण असं की धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ, काँग्रेस नगर या भागांत 1975 ते 1990 च्या दरम्यान बांधलेली अपार्टमेंट्स आता एकामागून एक पुनर्विकासाला निघाली आहेत. तिथल्या लोकांशी बोलताना जाणवतं, की सगळ्यांचं लक्ष दोन गोष्टींवर असतं: किती चौरस फूट जास्त मिळणार आणि बांधकाम होईपर्यंत बिल्डरकडून भाडं किती मिळणार. नकाशा ही आर्किटेक्टची बाब म्हणून सोडून दिलेली असते. माझा अनुभव वेगळा आहे. दर वेळी नकाशा बदलला तेव्हा कुणाचा उजेड गेला, कुणाची गाडी उन्हात आली, कुणाचं स्वयंपाकघर अरुंद झालं. करारात त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. ते सगळं त्या रेषांमध्ये होतं.

आमचा प्लॉट वर्धा रोड आणि नाग नदी यांच्या मधल्या गल्ल्यांपैकी एकीत आहे. समोर 12 मीटरचा रस्ता. प्लॉट 30 मीटर रुंद, 40 मीटर खोल, म्हणजे 1200 चौरस मीटर. बारा फ्लॅट आणि तळमजल्यावर रस्त्याकडे दोन दवाखाने. धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती; इथल्या पार्किंगचा प्रश्न हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे, तेव्हा दवाखाने आणि गाड्या हा विषय आमच्या प्रत्येक बैठकीत पहिला असायचा.

आधी मालकीबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मुंबईत बहुतेक ठिकाणी सहकारी गृहनिर्माण संस्था असते. नागपुरात मोठ्या संख्येने इमारती 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. यात जमीन संस्थेच्या नावावर नसते. डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे कुणाची मालकी किती हे सांगणारा दस्त, नोंदवलेलं असतं, आणि प्रत्येक फ्लॅटमालकाचा जमिनीत आणि सामाईक जागेत ठरावीक टक्क्यांचा अविभक्त हिस्सा असतो. कायद्याच्या कलम 6 प्रमाणे हा हिस्सा कायमस्वरूपी आहे. तो बदलायचा तर सगळ्या मालकांची संमती लागते आणि सुधारित डिक्लरेशन नोंदवावं लागतं. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खाली 2009 साली आणि नंतर 2019 साली जी कार्यपद्धती घालून दिली, ती संस्थांसाठी आहे. आम्हाला तसा तयार रस्ता नव्हता. ओळखीतले लोक मुंबईचे अनुभव सांगायचे आणि आम्ही म्हणायचो, आमचं तसं नाही होत जी.

2012 चा नकाशा साधा होता. खाली नुसत्या खांबांमधलं पार्किंग (स्टिल्ट), वर पाच मजले, दोन्ही दवाखाने पुढे तसेच. तिसऱ्या मजल्यावर स्लॅबचे पोपडे पडत होते, सळ्या दिसायला लागल्या होत्या. स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, त्यात दुरुस्तीपेक्षा पाडून बांधणं बरं असा अभिप्राय आला. (इमारतीला तीस वर्षं झाली की असं ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम 265अ प्रमाणे बंधनकारकच आहे, पण लोक नोटीस आल्याशिवाय करत नाहीत. करायला हवं.) तेव्हा नागपूरची 2000 सालची विकास नियंत्रण नियमावली लागू होती. त्या नियमांत बिल्डरच्या वाट्याला विकायला फारसे फ्लॅट उरत नव्हते, आणि एक मालक परदेशात होते, त्यांची सही येत नव्हती. सगळ्यांची संमती नाही म्हणून तो बिल्डर दीड-दोन वर्षांत बाजूला झाला. तो नकाशा मी जपून ठेवला. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, राहायला सगळ्यात चांगली इमारत त्याच कागदावर होती: दर मजल्यावर तीन फ्लॅट, तिन्हींना दोन बाजूंनी हवा.

मग मेट्रोचं काम सुरू झालं आणि धंतोलीतल्या जमिनीकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरच्या पट्ट्यात वाढीव एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) मिळणार, रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार बघून कमाल 4 पर्यंत, असं धोरण आलं. वर्धा रोडवरून जाणारा मार्ग आमच्यापासून त्या अंतरात बसत होता. दुसरा बिल्डर आला तो थेट अठरा मजल्यांचं रंगीत चित्र घेऊनच. काचेचा दर्शनी भाग, वर पोहण्याचा तलाव, खाली कॉफी पिणारी माणसं. बैठकीत सगळे त्या चित्राकडे बघत राहिले. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "हे आपल्याच गल्लीत होऊन राहिलं का?"

त्या चित्रात दोन गोष्टी बघायच्या होत्या, आणि त्या बघायला आम्हाला बरेच महिने लागले. पहिली म्हणजे तो 4 हा आकडा. तो मोठ्या रस्त्यावरच्या मोठ्या प्लॉटसाठी होता. 12 मीटरच्या रस्त्यावर 1200 चौरस मीटरच्या प्लॉटला तेवढा मिळणारच नव्हता. धोरणाची प्रत मिळवून, तक्ता उघडून, आपला रस्ता आणि आपला प्लॉट कोणत्या ओळीत बसतो हे पेन्सिलने खूण करून मी बैठकीत ठेवलं. ते सोपं काम आहे, कुणीही करू शकतं. बिल्डरच्या माणसाने नंतर मजले कमी केले, पण चित्र तेच ठेवलं.

दुसरी गोष्ट कार्पेटची, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची. आम्हाला सांगितलं होतं, "प्रत्येकाला हजार फूट." आमच्या जुन्या फ्लॅटच्या दस्तावर 780 चौरस फूट बिल्ट-अप (बाहेरच्या भिंतींसकट) लिहिलेलं होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं, सव्वादोनशे फूट जास्त. मी एका रविवारी टेप घेऊन आमचा फ्लॅट भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजला. मे 2017 मध्ये महाराष्ट्रात रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा स्थावर संपदा कायदा, लागू झाला होता आणि त्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची धरायची नाही, आतल्या भिंती धरायच्या. त्या व्याख्येने आमचा जुना फ्लॅट 640 फूट भरला. मग नकाशावरच्या नव्या फ्लॅटची खोल्यांनुसार बेरीज केली. 662. "हजार"मध्ये लिफ्ट, जिना, लॉबी, क्लब आणि पोडियम यांचा वाटा मिसळलेला होता. म्हणजे बावीस फूट वाढत होते, आणि जुन्या फ्लॅटच्या दोन बाल्कन्या जात होत्या. हा हिशेब मी फळ्यावर मांडतात तसा एका मोठ्या कागदावर लिहून जिन्यात लावला. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत कुणीही "किती फूट" एवढंच विचारलं नाही. "रेरा कार्पेट किती" असं विचारायला लागले. या संपूर्ण प्रवासात मला कशाचा अभिमान वाटत असेल तर याचा.

त्याच काळात विमानतळाच्या उंचीचा दाखला आला. सोनेगावचा विमानतळ फार लांब नाही, त्यामुळे उंच इमारतीला भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. त्यात उंची जमिनीपासून देत नाहीत, समुद्रसपाटीपासून देतात, आणि नागपूरच मुळात समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे. तळमजल्यावरच्या आजींनी साडेतीनशेच्या पुढचा आकडा वाचला आणि घाबरून मला बोलावलं. "अरे बाप्पा! एवढ्या उंचावर कोण राहीन बेटा?" त्यांना वजाबाकी करून दाखवली. पण त्या आकड्यात पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि वीजरोधकाचा दांडासुद्धा धरलेला असतो, हे आर्किटेक्टला विचारल्यावरच कळलं. दाखल्याला 8 वर्षांची मुदत असते, हेही तेव्हाच लिहून ठेवलं.

2018 मध्ये आमच्या अपार्टमेंट मालकी कायद्यात दुरुस्ती झाली. जुन्या, तीस वर्षं झालेल्या इमारतींच्या पुनर्विकासाला सगळ्यांच्या संमतीऐवजी बहुमताची संमती पुरेशी ठरली. परदेशातल्या मालकांची सही नसल्यामुळे अडलेलं काम मोकळं झालं. माझं मत असं, की ही दुरुस्ती गरजेची होती, पण तिच्यामुळे बहुमतावर जास्त जबाबदारी येते. जे सही करत नाहीत त्यांच्यापैकी काहींना खरंच नकाशात काहीतरी दिसलेलं असतं. आमच्याकडे एका मावशींनी सही नाकारली होती, कारण त्यांची खोली पश्चिमेकडे जात होती. नागपूरच्या मे महिन्यात पश्चिमेची भिंत म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. बहुमत असूनही आम्ही त्यांच्यासाठी नकाशा फिरवून घेतला, आणि त्याचा पुढे सगळ्यांनाच फायदा झाला.

नझूलचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमची जमीन नझूलची, म्हणजे सरकारी भाडेपट्ट्याची. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) तशी नोंद. पट्ट्याचं नूतनीकरण, जुनी थकबाकी, अटींचा भंग झाला की नाही याची चौकशी, यात दोन वर्षं गेली आणि मध्ये कोविड आला. नंतर नागपूर आणि अमरावती विभागातल्या नझूल जमिनींसाठी शासनाची विशेष अभय योजना आली, तिच्यातून आम्ही जमीन भोगवटादार वर्ग-1, म्हणजे पूर्ण मालकीची, करून घेतली. ज्यांची जमीन नझूलची आहे त्यांनी बिल्डर शोधायच्या आधी हे काम हातात घ्यावं, एवढंच सांगते.

2 डिसेंबर 2020 ला राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तोपर्यंतचे आमचे सगळे नकाशे त्या दिवशी जुने झाले. बिल्डर तिसरा, आर्किटेक्ट नवा. हे मात्र म्हणावं लागेल की हा आर्किटेक्ट तरुण मुलगा मन लावून ऐकणारा होता. त्याने पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिलं: मूळ एफएसआय 1.1, शासनाला पैसे भरून मिळणारा प्रीमियम 0.5, आणि 12 ते 18 मीटर रस्त्याला टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) 0.65. बेरीज 2.25. त्यावर निवासी वापराला 60 टक्के अनुषंगिक, म्हणजे जिना, लिफ्ट, बाल्कनी अशा गोष्टींसाठीचं जादा क्षेत्र. 1200 चौरस मीटरला हिशेब मांडला तर सुमारे 4320 चौरस मीटर बांधकाम. "एवढंच आहे," तो म्हणाला, "आता हे कसं ठेवायचं ते तुम्ही सांगा." नऊ वर्षांत असं विचारणारा तो पहिला माणूस.

नव्या नियमांतला सगळ्यात मोठा फरक म्हणजे पूर्वी जिना, लिफ्ट, बाल्कनी अशा गोष्टींना जी वेगवेगळी सूट असायची, ती गेली. इमारतीच्या बाहेरच्या कडेने एक रेषा काढायची, तिला पी-लाइन म्हणतात, आणि तिच्या आत जे येईल ते सगळं मोजायचं. हिशेब स्वच्छ झाला, चोरवाटा बंद झाल्या, हे चांगलंच झालं. पण परिणाम काय झाला? बाल्कनीचा प्रत्येक फूट आता खोलीच्या फुटाइतकाच महाग. पहिल्या मसुद्यात बाल्कन्या जवळजवळ गायब होत्या.

आणि इथे आमचा खरा वाद झाला, तो कूलरवरून. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ गोष्ट वाटेल. नागपुरात एप्रिल ते जून पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि कधी त्याच्याही वर जातो, आणि मध्यमवर्गीय घर डेझर्ट कूलरवर चालतं. एसी असला तरी दिवसभर परवडत नाही. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, म्हणजे तो खिडकीबाहेर किंवा बाल्कनीत हवा. त्याला पाणी भरायला नळ हवा, सांडलेलं पाणी जायला नहाणी हवी, आणि खोलीच्या दुसऱ्या बाजूला हवा बाहेर पडायला वाट हवी. नाहीतर तासाभरात घर दमट होतं. नव्या नकाशात खिडक्या सरळ भिंतीत, बाहेर काही नाही, आणि एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी डक्टमध्ये जागा. मी आर्किटेक्टला म्हटलं, कूलर कुठे ठेवायचा? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याने तसा विचारच केला नव्हता, कारण जे फ्लॅट विकायचे आहेत त्यांचं गिऱ्हाईक एसीचं आहे.

आम्ही सगळ्या फ्लॅटमालकांकडून लिहून घेतलं: कोणत्या खोलीत कूलर चालतो, कोणत्या दिशेला, घरात म्हातारं माणूस कोण, दुपारी घरी कोण असतं. अकरा घरांत दुपारी कुणीतरी घरी असायचं. हा कागद आर्किटेक्टला दिला. त्याने मग दर फ्लॅटला एक खोल बाल्कनी ठेवली, हॉलला लागून, नळ आणि नहाणीसह, आणि त्यासाठी बेडरूममधून थोडी जागा कापली. पश्चिमेला जिना, लिफ्ट आणि बाथरूम नेले, म्हणजे दुपारचं ऊन त्या भिंती झेलतील. मावशींसाठी नकाशा फिरवला होता तोच हा बदल. विक्रीच्या फ्लॅटलाही तसंच करायचं की नाही यावर बिल्डर अडला होता. शेवटी त्यालाही पटलं, कारण वेगवेगळे फ्लॅट काढले तर नळ आणि सांडपाण्याच्या उभ्या ओळी जुळत नव्हत्या.

उंचीबद्दलही लोकांची समजूत बदलावी लागली. बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून अठरा मजले होते. "उंच गेलो तर हवा छान, भावही चांगला," असं म्हणणारे होतेच. आर्किटेक्टने नियम समजावला: उंच इमारतीला बाजूचं आणि मागचं अंतर उंचीच्या एक पंचमांश सोडावं लागतं. आमचा प्लॉट 30 मीटर रुंद. मोजायची उंची 33 मीटर धरली तर दोन्ही बाजूंना 6.6 मीटर, मध्ये इमारतीला उरतात 16.8. उंची 48 केली तर दोन्ही बाजूंना 9.6, मध्ये उरतात 10.8. त्यात दोन जिने, लिफ्ट आणि लॉबी घातली की फ्लॅटला राहतं काय? शाळेत हे सहावीच्या मुलांना गुणोत्तर म्हणून शिकवते मी. बैठकीत मी प्लॉटची आकृती काढून दोन्ही उंची दाखवल्या, आणि उंच टॉवरचा आग्रह तिथेच मिटला. शिवाय अग्निशामक गाडी फिरायला 6 मीटरची मोकळी वाट लागतेच. उंच इमारत छोट्या प्लॉटवर वर जाते तशी बारीक होत जाते, हे बिल्डरांच्या चित्रांत कधी दिसत नाही.

तर 2022 च्या शेवटी नकाशा जवळपास पक्का झाला: एक बेसमेंट, त्यावर पार्किंगचे दोन मजले, वर दहा मजले. पुढच्या बाजूला दवाखाने, त्यांना स्वतंत्र प्रवेश आणि पेशंटच्या गाड्यांसाठी वेगळी जागा. अग्निशमन विभागाची तात्पुरती मान्यता मिळाली. माती तपासणीचा अहवाल आला: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. प्रस्ताव ऑनलाइन दाखल करायची तयारी झाली होती.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडले, अंबाझरी लेआउट, शंकरनगर, पंचशील चौक, सीताबर्डी इथे घरांत पाणी शिरलं, माणसं गेली. पंचशील चौकातला पूल खचला. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं आणि दवाखान्यांतली यंत्रं लोक खांद्यावर घेऊन वर आणत होते. आजींना आम्ही खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावर नेलं. सकाळी जिन्यात उभं राहून पाण्याकडे बघताना प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता: बेसमेंट.

बिल्डरचं म्हणणं होतं की पंप बसवू, रॅम्पला चढ देऊ, भिंती पाणीरोधक करू. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नव्हतं. पण पंपाला वीज लागते आणि त्या रात्री वीज नव्हती. पहाटे दोन वाजता पाणी चढायला लागलं तर बेसमेंटमधून गाडी काढायला कोण जाणार? चौकीदारच ना? त्याची खोलीही पहिल्या मसुद्यांमध्ये बेसमेंटमध्येच दाखवली होती. आमच्या बैठकीत बहुमताने ठराव झाला: बेसमेंट नाही, आणि चौकीदाराची खोली, मीटर रूम, जनरेटर हे सगळं रस्त्याच्या पातळीपासून वर. माझ्या मते आम्ही या बारा वर्षांत घेतलेला सगळ्यात योग्य निर्णय हाच.

त्याची किंमत काय होती तेही सांगायला हवं. खालचं पार्किंग वर आलं, म्हणजे पार्किंगचा तिसरा मजला आला. मोजायची उंची 33 वरून 36 मीटर झाली. एक पंचमांश म्हणजे प्रत्येक बाजूला 7.2. इमारतीची रुंदी 16.8 वरून 15.6 झाली. हे 1.2 मीटर कुठून काढायचे? सगळ्यांच्या स्वयंपाकघरातून आणि बेडरूममधून. आणखी एक मजला वाढवून भरून काढावं तर उंची पुन्हा वाढणार आणि रुंदी पुन्हा घटणार. शेवटी बिल्डरने टीडीआर कमी विकत घेतला, त्याच्या विक्रीच्या फ्लॅटचं क्षेत्र घटलं, आणि आम्ही आमच्या वाढीव कार्पेटमधले काही फूट आणि कॉर्पसची, म्हणजे बिल्डरकडून मिळणाऱ्या निधीची, काही रक्कम सोडली. यावर भांडणं झाली. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत दारात उभं राहून लोक माझ्याशी बोलायचे. कुणाला ओट्याची लांबी हवी होती, कुणाला देवघराचा कोपरा. मी प्रत्येकाच्या स्वयंपाकघराचा जुना आणि नवा आराखडा एकाच प्रमाणात शेजारी शेजारी काढून दिला. त्यावर फ्रिज, ओटा, पिठाचा डबा ठेवायची जागा, सगळं मोजून दाखवलं. फ्लॅट थोडे लहान झाले, पण कुणालाही आपला फ्लॅट नेमका किती आणि कुठे लहान झाला हे माहीत नाही असं राहिलं नाही.

2024 मध्ये मंजुरी आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतरचा भाग वेगाने झाला: वैयक्तिक करारांची नोंदणी, बँक गॅरंटी, भाड्याचे आगाऊ धनादेश, घरं खाली करणं, पाडकाम. करारांना मंजूर नकाशाची प्रत जोडायची आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या, ही अट आम्ही आग्रहाने घातली. प्रत्येक फ्लॅटचं रेरा कार्पेट, बाल्कनीचं क्षेत्र, पार्किंगचा क्रमांक आणि दिशा वेगवेगळ्या रकान्यांत लिहिली.

विक्रीचे फ्लॅट महारेरात, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणात, नोंदवले गेले. यापुढे नकाशा बदलायचा तर रेराच्या कलम 14 प्रमाणे इमारतीच्या आराखड्यातल्या आणि सामाईक जागेतल्या बदलाला फ्लॅट घेणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची आधी लेखी संमती लागते. एकाने कितीही फ्लॅट घेतले तरी त्याचं मत एकच धरतात. एखाद्याच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये बदल करायचा तर त्याचीच संमती लागते. नोंदणीच्या आधी मात्र असं बंधन नसतं. आमचे सगळे बदल त्या आधीच्या काळात झाले, आणि तेव्हा आम्हाला राखणारं होतं ते फक्त आमचं डिक्लरेशन आणि आमच्या बैठकांचे ठराव. म्हणून ज्यांचं आता सुरू होतंय त्यांना मी सांगते: प्रत्येक नकाशावर तारीख आणि क्रमांक घाला, जुना नकाशा परत देऊ नका, आणि प्रत्येक बदल ठरावात शब्दांत लिहा. "सुधारित नकाशास मान्यता" एवढं लिहून चालत नाही. काय सुधारलं, कुणाचं काय कमी झालं, ते लिहा.

आजी आता मुलाकडे बजाजनगरला असतात. फोन केला की पायापर्यंत आलं का, एवढंच विचारतात.

सध्या आमच्यापुढे नव्या डिक्लरेशनचा मसुदा आहे. जुने चौदा आणि नवे चोवीस, असे अडतीस मालक होणार, आणि प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाचा टक्का नव्याने ठरणार. बिल्डरच्या पहिल्या मसुद्यात टेरेसचा अर्धा भाग वरच्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटना "मर्यादित सामाईक", म्हणजे फक्त त्यांच्याच वापरासाठी, म्हणून दिला होता. जुन्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही उन्हाळ्यात झोपलो, पापड-सांडगे वाळवले, मुलांनी अभ्यास केला. ती सगळ्यांची होती आणि नव्या कागदावरही सगळ्यांचीच असायला हवी, असं मी लेखी कळवलं आहे. वाटप कार्पेटच्या प्रमाणात करायचं, पार्किंग हिश्शात धरायचं नाही, आणि दवाखान्यांना टेरेसच्या देखभालीचा खर्च लावायचा की नाही, हे तीन मुद्दे पुढच्या बैठकीत आहेत. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांची तिसऱ्या मुद्द्यावर हरकत आहे आणि ती मला रास्त वाटते. त्यांच्या बाजूने मी मत देणार आहे.